बँडच्या गाडीतली जागेची भांडणं

माझं काम सांगितलं की शहाद्यात मला दोनच प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे मोबाइल दुरुस्त करते का?" आणि दुसरा, "म्हणजे घरी बसूनच ना?" हल्ली मी दोन्हीला हो म्हणते. पूर्वी समजावून सांगायला जायचे. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा एक कारभारी असतो, त्याच्या हाताखाली स्क्रीन, डिस्क, निरनिराळी कार्डं अशी सगळी मंडळी असतात. प्रत्येकाला कारभाऱ्याशी बोलायला स्वतःचा असा पत्ता लागतो, आणि दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला की भांडण होतं. ही भांडणं सोडवायला पुण्याची एक कंपनी मला पगार देते. एवढं सांगून होईपर्यंत समोरची मावशी मेथी निवडायला लागलेली असायची.

मामाने मात्र एकदा नीट ऐकून घेतलं होतं आणि वर विचारलं होतं, "आनि हाई भांडन लावस कोन?"

मी म्हटलं, कोणी लावत नाही, आपोआप लागतं.

"आपोआप काहीबी व्हत नही, बेटा," मामा म्हणाला.

मी हसून सोडून दिलं. मामाने चाळीस वर्षं बँड चालवलाय. ढोलवाला आणि क्लॅरिनेटवाला एकमेकांशी बोलत नसताना वरात वेळेवर दारात नेलेला माणूस आहे तो. पण तो कॉम्प्युटरबद्दल काहीतरी सांगू शकेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मला तेव्हा बरंच काही वाटायचं नाही.

आमच्याकडे लग्न म्हणजे बँड. मुलगी बघायला जायच्या आधी बँडची तारीख बघणारे लोक मी पाहिलेत. मामाचा बँड पूर्वी पायी चालायचा. मग एक जुना ट्रक आला. त्याच्यावर स्पीकरच्या दोन भिंती, मागे जनरेटर, पुढे रंगीत दिव्यांची कमान, आणि मधल्या चौथऱ्यावर मामाचा कीबोर्ड. त्या कीबोर्डच्या मागे, स्पीकरच्या भिंतीआड एका लोखंडी पेटीत कॉम्प्युटर. मामाने कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज त्या कॉम्प्युटरमधून निघायचा. त्यात मामाने वर्षानुवर्षं जमवलेले सूर होते. कुठली सनई, कुठला ढोल, कुठल्या तरी बैलाच्या गळ्यातले घुंगरूसुद्धा. तो कॉम्प्युटर मीच लावून दिला होता. नुकतीच नोकरीला लागले होते, उत्साह उतू जात होता, म्हणून त्याच्यातलं चालू विंडोज काढून टाकलं आणि लिनक्स घातलं. पट्टी दाबली की त्याच क्षणी आवाज यायला लागला. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या शहाद्यात सांगितलं की भाचीने पेटी बांधून दिली. तेव्हापासून त्या पेटीला सर्दी झाली तरी फोन मला.

आता त्या बासरीबद्दल सांगायला हवं.

धडगावच्या पुढे, डोंगरात तासभर आत, एक म्हातारे बाबा राहतात. पावरा समाजातले. स्वतः बांबू निवडून, स्वतः भोकं पाडून हातभर लांब जाड बासरी करायचे आणि लग्नात, होळीत ती अशी वाजवायचे की शंभर ढोलांच्या मधूनही ऐकू यायची. मामाने ती एकदा ऐकली आणि त्याला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. तो माइक घेऊन वर गेला, बाबांच्या घरी तीन दिवस राहिला, आणि त्यांना एकेक सूर वेगवेगळा, हळू, जोरात, लांब, तुटक असा पन्नास-पन्नास वेळा फुंकायला लावला. बाबांना वाटलं, माणूस वेडा आहे. पण पाहुणा आहे, म्हणून फुंकत राहिले. ते सगळे सूर पेटीत आले.

गेली चार वर्षं बाबांना फुंकता येत नाही. छातीने दगा दिलाय. चार पावलं चालले की बसावं लागतं, बासरी भिंतीला टांगलेली. आणि यंदा त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. आईबापामागे त्यांनीच वाढवलेली ती एकुलती एक नात. बाबांनी मामाला निरोप पाठवला, बँड तुझाच आण, आणि माझी बासरी आण. मामाने शब्द दिला. लग्न रविवारी होतं.

त्याच आठवड्याच्या सोमवारी, दुसऱ्याच एका लग्नात, जनरेटरने झटका दिला आणि पेटीतला मदरबोर्ड जळाला.

मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसवतात ती मुख्य पाटी. मामा ती पेटी घेऊन नंदुरबारला गेला. तिथल्या दुकानदाराने, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, आता निम्मं दुकान मिरचीच्या पोत्यांचं आणि निम्मं कॉम्प्युटरचं, नवा बोर्ड बसवून दिला. डिस्क शाबूत होती, त्यामुळे सूर शाबूत होते. स्क्रीन आली, सगळं आलं, फक्त आवाज येईना. साऊंड कार्ड जुन्या बनावटीचं, आठ वाटांनी आवाज बाहेर काढणारं, तसं आता मिळत नाही. दुकानदाराने ते दुसऱ्या जुन्या मशीनमध्ये लावून बघितलं तर छान वाजलं. म्हणजे कार्ड चांगलं. बोर्डही चांगला.

"दोघं चांगल्या घरचे आहेत," दुकानदार मामाला म्हणाला, "पण संसार होत नाही."

बोर्डाचा स्वतःचा आवाज होता, पण त्यात पट्टी दाबल्यावर सूर जरा मागून यायचा. घरी गाणी ऐकायला ठीक, वरातीत नाचणाऱ्याचा पाय खाली आल्यावर सूर आला तर लोक चपला मारतील. मामाचा फोन मला गुरुवारी आला. "बेटा, मन्ही पेटी मुकी व्हई गई."

मी शुक्रवारी रात्री पुण्याहून निघाले आणि शनिवारी सकाळी शहाद्याला उतरले. येताना मी खूश होते, हे कबूल करते. हे माझं काम. दिवसभर जे परक्यांसाठी करते ते एकदा मामासाठी करायचं. आईला म्हटलं, जेवायच्या आत उरकते. आईने पुरणपोळीचा बेत केला होता.

गाडी मामाच्या बँडच्या ऑफिससमोर, बसस्टँडच्या मागच्या मैदानात उभी होती. मी चौथऱ्यावर चढले, स्क्रीन लावली आणि कर्नेलची नोंदवही उघडली. मशीन सुरू होताना कर्नेल काय काय करतो ते सगळं तो ओळीने लिहून ठेवतो. मला जी ओळ हवी होती ती सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. साऊंड कार्ड दिसतंय, पण त्याला द्यायला जागा नाही.

"मामा, कार्ड चांगलं आहे. त्याला बसायला जागा मिळत नाहीये."

मामा खाली उभा राहून वर बघत होता. "इतलंसं कार्ड, त्याले कितली जागा लागस?"

आणि खरंच, त्याला लागत होती ती जागा मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही कमी होती. एवढ्या मोठ्या मशीनमध्ये तेवढी जागा नाही म्हणजे कोणीतरी ती अडवून बसलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे आरोपी लगेच उभा राहिला. नव्या बोर्डाबरोबर त्याची एक जन्मपत्रिका येते. कुठली जागा कोणासाठी राखून ठेवली आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारे लोक बिनदिक्कत खोटं लिहितात. मी असे खोटं लिहिणारे शंभर तरी पकडले असतील. म्हटलं, हा एकशे एकावा.

आधी कर्नेलला सांगितलं, सगळ्यांना उठव आणि नव्याने जागा वाट. त्याने उठवलं, वाटलं, आणि पुन्हा तीच ओळ लिहिली. मग सांगितलं, त्या जन्मपत्रिकेवर विश्वास ठेवू नकोस, तुझ्या मनाने कर. तर त्याने मनाने असं केलं की स्क्रीन काळी झाली आणि नुसता पंखा घरघरत राहिला.

"आते ते बी गयं," मामा म्हणाला.

"गेलं नाही. परत आणते."

परत आणलं. तोवर अकरा वाजले, बारा वाजले. जेवायला बोलावणं आलं, मी उद्या जेवते म्हणाले आणि आईचा फोन ठेवला. बँडची माणसं एकेक करून येऊन बघून जात होती, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी. फक्त गाडीचा ड्रायव्हर कुठे गेला नाही. एसटीतून रिटायर झालेला माणूस, सगळे त्याला नाना म्हणतात. तो टायरच्या सावलीत पेपर वाचत बसला होता आणि मधूनमधून चहा पाठवत होता. तीस वर्षं त्याने घाटात एसटी चालवली, त्याने मला एकदाही विचारलं नाही की इतका वेळ का लागतोय.

आता माझी चूक सांगते. त्या नोंदवहीत, साऊंड कार्डाच्या ओळीच्या जरा वर, आणखी एक ओळ होती. दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावर कार्ड खोचायच्या खाचेत, कोणीतरी आहे, त्याचं नाव ओळखता येत नाही, आणि त्याला एक जीबी जागा हवी आहे. मी ती ओळ वाचली. एकदा नाही, दिवसभरात वीसेक वेळा वाचली. पण नव्या बोर्डावर अशा निनावी वस्तू असतात, बोर्डाच्याच पोटातल्या, म्हणून मी तिच्यावरून पुढे जात राहिले. पेटी उघडून आत डोकावलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण पेटी स्पीकरच्या मागे, चार बोल्टांनी आवळलेली, वर धूळ आणि धक्के लागू नयेत म्हणून गोधडी गुंडाळलेली. आणि खरं कारण वेगळंच. आमच्या धंद्यात आम्ही पेटी उघडत नाही. आम्ही नोंदवही वाचतो. स्क्रू पिळणं हे दुकानदाराचं काम, असा माझा तोरा.

दुपारी चार वाजता मी मामाला म्हटलं, कीबोर्डच्या स्वतःच्या आत एक तयार बासरी आहे. समजा नाहीच जमलं, तर तीच लाव. कोणाला कळणार आहे? मी त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलत होते, गोड लागावं म्हणून. "कोनले समजी, मामा?"

मामा मला आयुष्यात कधी रागावला नव्हता. तेव्हाही आवाज चढवला नाही. "त्याले समजी," म्हणाला. "आनि माले समजी." आणि उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

मला फार लाज वाटली. मग मी इरेला पेटले. संध्याकाळपर्यंत मी कर्नेलमध्ये घालायला एक दुरुस्ती लिहिली. या बोर्डाच्या पत्रिकेतला अमुक एक दावा खोटा समजावा आणि ती जागा मोकळी करावी, असा तिचा मतलब. शिवाय बोर्डवाल्यांची खरडपट्टी काढणारी एक लांबलचक मेल लिहिली, आमच्या धंद्यातल्या शेकडो लोकांना जाणारी. त्यात मी "निष्काळजीपणा" हा शब्द दोनदा वापरला होता. दुरुस्तीसकट नवा कर्नेल तयार व्हायला वेळ लागतो, तो उद्या वाटेत तयार करू, असं ठरलं. मामाने नानाला फक्त सांगितलं, सकाळी सातला निघू.

रविवारी सकाळी गाडी निघाली. मी पुढे नानाच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप, पलीकडे मामा. केळीचे मळे संपले, ऊस संपला, मग चढ लागला. गाडी पहिल्या गियरमध्ये रडत चढत होती आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप असा तापला होता की त्याच्यावर भाकरी शेकता आली असती. कर्नेल तयार होत होता. मामा खिडकीबाहेर बघत एका हाताच्या बोटांनी गुडघ्यावर काहीतरी वाजवत होता. मी ती मेल पाठवायला गेले तर रेंज नव्हती. ती तशीच अडकून राहिली.

अकराच्या सुमाराला धडगाव आलं. नानाने गाडी जीप उभ्या राहतात तिथे कडेला घेतली. मी मागे चढले, नवा कर्नेल घातला, मशीन सुरू केलं आणि नोंदवही उघडली.

तीच ओळ. जागा नाही.

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. रागाचं होतं, पण पाणी ते पाणी. मामाने माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं नाही. गाडीच्या पायरीवर बसला आणि रुमालाने कपाळ पुसलं. "मी सांगस त्याले," म्हणाला. "ढोल-ताशा वाजाडसूत. बासरीनं मी सांगस." आणि मला ते सहन झालं नाही. बाबांसमोर जाऊन हात जोडून उभा असलेला मामा मला दिसला, आणि मी कुणावर तरी ओरडायचं म्हणून त्या स्क्रीनवरच ओरडले. "एक जीबी! एक जीबी कोणाला हवीय इथे? त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये तर कोणी नाहीच आहे!"

नाना खाली भजी खात उभा होता. तो म्हणाला, "ताई, कोनी नही कसं? तठे मी जागा धरी ठेयेल शे."

मी खाली उतरले. अगदी हळू उतरले.

नानाने सगळं सांगितलं, भजी खात खात, जसं काही हे सगळ्यांना ठाऊकच आहे. गाडीवरचा लाइटवाला कधीपासून त्या दुसऱ्या स्लॉटवर टपून होता. त्याला तिथे दिव्यांचं कार्ड बसवायचं होतं. आणि मामाच्या मनात होतं की सीझन संपला की तिथे दुसरं साऊंड कार्ड घ्यायचं. स्लॉट रिकामा दिसला की लाइटवाला बसणार. जनरेटरच्या झटक्यात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवायला मागाहून, मला न सांगता बसवलेलं एक कार्ड जळालं होतं. दुकानदार ते फेकायला निघाला, तर पेटीबरोबर नंदुरबारला गेलेल्या नानाने त्याला ते दुसऱ्या स्लॉटमध्येच पुन्हा बसवायला लावलं. "जयेल कार्ड शे, ते काय करी? नुसतं बठेल शे. एसटीना खिडकीमधून रुमाल टाकतस ना सीटवर, तसं."

तीस वर्षं त्या माणसाने दररोज बघितलं होतं की गाडी स्टँडात शिरायच्या आधी खिडकीतून रुमाल आत पडतात, आणि रुमाल पडला की ती सीट त्याची. रुमाल फाटका असो, मळका असो, धनी आलेला असो नसो, आमच्याकडे रुमालावर कोणी बसत नाही. कर्नेलही बसत नाही. तो तर आमच्यापेक्षा सज्जन. तो प्रत्येक कार्डाला विचारतो, तुला किती जागा हवी? शहाणं कार्ड खरं सांगतं. त्या जळक्या कार्डाचं डोकं फिरलेलं, त्याने सांगितलं एक जीबी. दोन्ही स्लॉट एकाच दाराने आत जातात, आणि दार किती रुंद उघडायचं हे कर्नेल दोघांची बेरीज करून ठरवतो. एवढं रुंद दार उघडायला आवारच नव्हतं. म्हणून त्याने दार उघडलंच नाही, आणि मामाचं इवलंसं कार्ड बाहेर राहिलं. बोर्डाची पत्रिका अगदी खरी होती. खोटं बोलत होतं ते मेलेलं कार्ड, आणि त्याला तिथे नेऊन बसवलं होतं आमच्याच माणसाने.

मी मामाकडे बघितलं. त्याचं ते "आपोआप काहीबी व्हत नही" मला पुन्हा ऐकू आलं.

"पाना," मी म्हटलं.

बोल्ट सैल केले, गोधडी सोडली, पेटी उघडली. जळकं कार्ड तिथे ऐटीत बसलं होतं, एका कोपऱ्याला काळं पडलेलं. मी ते उपटून नानाच्या हातात दिलं. तेवढ्यात मागून लाइटवाल्याचा आवाज आला, "मंग ती जागा आते माले?" आणि मामा, नाना आणि मी, तिघं एकदम "नही!" म्हणून ओरडलो. शेजारच्या जीपमधले लोक वळून बघायला लागले.

मशीन सुरू केलं. माझी दुरुस्ती काढून टाकून, जुन्याच कर्नेलवर. कार्डाचा छोटा हिरवा दिवा लागला. पेटी गाडीच्या बॅटरीवर चालत होती, पण स्पीकरचा जनरेटर बंद होता, म्हणून मामाने हेडफोन कानाला लावले, डोळे मिटले आणि एक पट्टी दाबली. मला काही ऐकू आलं नाही, फक्त मामाचा चेहरा दिसला. त्याने दुसरी पट्टी दाबली, तिसरी. मग हेडफोन काढले आणि मला न देता गळ्यातच ठेवले. "चाल, नाना," म्हणाला. "उशीर व्हई ऱ्हायना."

गाडी सुरू झाल्यावर मला ती मेल आठवली. अजून अडकलेलीच होती. रेंज नसल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. मी ती पुसून टाकली आणि मग तिथेच, घाटातल्या वळणावर, मला हसू फुटलं. थांबेचना. मामालाही फुटलं. नाना म्हणाला, काय व्हयनं, आणि मग तोही हसायला लागला, तेव्हा मी त्याला समोर बघून गाडी चालवायला सांगितलं.

लग्नघर डोंगराच्या उतारावर होतं. अंगणात मांडव, मांडवाबाहेर ढोलवाले, बायका नटून इकडून तिकडे. बाबा आंब्याखाली खाटेवर बसले होते, पांढरं धोतर, डोक्याला फेटा. मला वाटलं होतं त्याहून खूपच लहानसर माणूस. मामा पाया पडला. बाबांनी त्याच्या मागे गाडीकडे बघितलं आणि मान नुसती वर केली. आणलीस का, असं. मामाने मान डोलावली.

मग मामाने जे केलं ते त्याने आधी ठरवलं असेल असं मला वाटत नाही. तो गाडीवर चढायला निघाला, थांबला, मागे आला आणि बाबांना दोघांच्या मदतीने उचलून गाडीवर नेलं. आपल्या खुर्चीवर कीबोर्डसमोर बसवलं. स्वतः बाजूला उभा राहिला आणि बाबांचं एक बोट धरून एका पट्टीवर ठेवलं. नानाने जनरेटर चालू केला.

स्पीकरच्या दोन भिंतींमधून आधी सूर आला नाही. आधी श्वास आला. माणूस फुंकण्याआधी छातीभरून घेतो तो श्वास, मोठा, अंगणभर, डोंगरापर्यंत गेलेला. आणि मग बासरी.

मी मामाकडे बघितलं. "मामा, तो श्वास काढून नाही टाकलास?"

"तो काढी टाका तर मांगे काय ऱ्हाई?" मामा म्हणाला.

घराच्या दारात गडबड झाली. नवरी बाहेर आली होती. तिला सजवत होते, निम्मे चांदीचे दागिने अंगावर, निम्मे दुसऱ्या बायकांच्या हातात राहिलेले. सूर ऐकून नाही, त्याच्या आधीचा तो श्वास ऐकून ती धावत आली होती. मला नक्की माहीत आहे, कारण सूर नीट लागायच्या आत ती दारात होती. आजोबांनी बासरी काढली आणि आता त्यांना खोकला येणार, या भीतीने तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने थेट त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

बाबांच्या तोंडाशी काहीच नव्हतं. ते तोंड पसरून हसत होते, आणि त्यांचं एक बोट पट्टीवर दाबलेलं होतं. बासरी वाजत राहिली, वाजत राहिली, कुठल्याही छातीला झेपली नसती इतकी. बाबा ती संपायची वाट बघत होते आणि ती संपत नव्हती. मग त्यांनी त्या सुराखालीच स्वतः एक श्वास घेतला, आरामात, आणि नातीकडे बघून पावरी बोलीत काहीतरी म्हणाले. मांडवातले सगळे हसले, ती रडायला लागली आणि रडता रडता नाचायलाही लागली, एकाच पायात पैंजण घालून.

मी शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, बघ, मी अजून दमलो नाही."

मग बाबांनी दुसरं बोट उचललं आणि पुढची पट्टी शोधायला लागले. मामाला त्याचा कीबोर्ड संध्याकाळपर्यंत परत मिळाला नाही.